गिरमिट

लांबी धरायची नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत.
वजन नाही. वजनात लोक फसवतात,
एका साली माशाच्या पोटातून शिसं निघालं होतं.
टेप माझ्याकडे, वही माझ्याकडे,
पेनातली शाई आखडते म्हणून पेन्सिल.

मे महिना. सूर्य खाली जायचं नावच घेत नाही,
तळ्याच्या कडेकडेनं फिरत राहतो,
जेवण झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
पुरुषभर जाडीचा बर्फ, त्याला दीडशे भोकं
आणि भोकागणिक एक वाकलेली पाठ.
पहिलं बक्षीस स्नोमोबाइल. दुसरं दहा पिंपं पेट्रोल.
तिसरं शिवणयंत्र, आणि खरी चुरस त्याच्यासाठीच,
पण हे कुणी कबूल करत नाही.

शनिवारी दुपारपर्यंत जोनासी पुढे.
एकेचाळीस इंच. ट्राउट,
पाठीवर पावसाळी ढगाचा रंग, कल्ले अजून हलत होते
मी टेप लावली तेव्हा.
तो काही बोलला नाही,
फक्त दर तासाला येऊन वहीत डोकावायचा
चहाला आल्यासारखा.

चार वाजता कुपानुआकच्या दोरीला ओढ लागली.
तिचं वय तिला ठाऊक नाही,
चर्चच्या रजिस्टरात दोन वेगळी लिहिली आहेत.
गळाची काठी कॅरिबूच्या शिंगाची, सासऱ्यानं घासलेली,
धरून धरून मध्ये खपाटीला गेलेली.
तिनं दिलं. घेतलं. दिलं.
पाऊण तास घेतलं आणि दिलं.
मग मासा वर आला,
आणि भोकात मावेना.

मी पोटावर पडून पाहिलं.
हिरव्या नळीच्या पार तळाशी
एक तोंड होतं, दुसरं काही नव्हतं.
भोकापेक्षा मोठं तोंड
शांतपणे उघडत, मिटत.

गिरमिट आणा, कुणीतरी ओरडलं.
सगळ्यात जवळ होतं जोनासीचं.
तो धावला. हे मी लिहून देईन, तो खरंच धावला,
स्वतःची दोरी तशीच टाकून,
हातमोजा एकच घालून.
जुन्या भोकाला चिकटून नवं पाडायचं,
मधली भिंत मग पहारीनं फोडायची.
कुपानुआकनं दोरी उघड्या बोटांनी एका अंगाला ओढून धरली.
यंत्र भुंकू लागलं. भुगा उडाला,
मग पाणी, मग भुगा आणि पाणी,
गुडघाभर चिखल पांढरा.
वीतभर उरलं असेल
आणि पातं कललं.
जरासं.

दोरी सैल पडली.
यंत्र तरी चालूच होतं,
बंद करायचं कुणाला सुचेना.

बर्फात जुनी भेग होती, म्हणाले काही जण.
दोरीच विरलेली, म्हणाले काही.
मी दोन पावलांवर होते, टेप उघडून.
मला कुणी विचारलं नाही
आणि वहीत रकाने तीनच:
नाव, लांबी, वेळ.

कुपानुआकनं दोरीचं टोक वर ओढलं,
ओठांवर फिरवलं,
विरलेलं टोक मऊ लागतं,
कापलेलं बोचतं.
मग हसली. म्हणाली,
म्हातारी होती ती, माझ्याच वयाची.
माझा गळ ओठात घालून मिरवेल आता.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी,
जोनासीनं किल्ली घेतली दोन्ही हातांनी.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या,
काखेत वही धरून, त्यामुळे आवाज कमी आला.

हिवाळ्यात ती गाडी
कधीकधी कुपानुआकच्या दाराशी दिसायची,
मागच्या घसरगाडीत पिण्याच्या बर्फाचे ठोकळे.
आत चहा व्हायचा की नाही, माहीत नाही.
खिडकी वाफेनं भरलेली असायची.

यंदाच्या मे महिन्यात, त्याच तळ्यावर,
तिनं तीन पोरांना ओलांडून
थेट त्यालाच हाक मारली.
काठीनं बर्फावर एक वर्तुळ काढलं,
थांबली,
त्याच्याबाहेर आणखी एक काढलं.

इथे पाड, म्हणाली.
या वेळी मोठं.